भाताच्या गिरणीपुढची तोफ

माझ्या हातून आजवर चुका पुष्कळ झाल्या. त्या सगळ्यांच्याच होतात. पण तुमच्यापैकी कुणाच्या चुकीला दर खंडेनवमीला हार घालतात का? नारळ फोडतात का? माझ्या चुकीला फोडतात! हसू नका राव. आधी तो कप खाली ठेवा, ठसका लागेल, आणि मग नीट ऐका.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. मी तेव्हा चिंचवडच्या एका कंपनीत टर्नर होतो, आजही आहे. लेथ मशीन हे माझं पोट आणि इतिहास हा माझा नाद. हा नाद लागला कसा? आमच्या चाळीच्या गणपतीत एका वर्षी भाषणाला बोलावलेले मास्तर आलेच नाहीत. मंडळानं मला उभं केलं. मी पाऊण तास बोललो. त्यातलं निम्मं शाळेत शिकवलेलं होतं आणि निम्मं बोलता बोलता सुचलेलं. टाळ्या पडल्या त्या सुचलेल्या भागाला!

तेव्हापासून मी एक नियम केला. सांगायचं ते ठासून सांगायचं. ‘बहुधा’, ‘असं म्हणतात’, ‘नक्की ठाऊक नाही’ हे शब्द इतिहासात आणायचेच नाहीत. माणूस चाचरला की संपला.

माझा मित्र दत्तू, माझ्याच खात्यात शेजारच्या लेथवर आणि एकाच खोलीत शेजारच्या गादीवर. तो म्हणायचा, “भावा, तुझा इतिहास लई भारी असतो. फक्त कुठल्या देशाचा असतो तेवढं सांग.”

जळायचा बिचारा. दुसरं काय?

तर त्या वर्षीची खंडेनवमी. कंपनीत त्या दिवशी काय थाट असतो ते तुम्ही जाणताच. मशीनं धुऊन पुसून चकाचक, झेंडूचे हार, हळदीकुंकू, पेढे. त्या एका दिवशी घरच्या मंडळींना आत सोडतात. बायका येतात, ‘आमचे हे याच मशीनवर असतात का’ म्हणून मशीनकडे कौतुकानं बघतात आणि नवऱ्याकडे संशयानं.

आमच्या स्टोअरमधले पवार त्या दिवशी बायकोला, सोलापूरच्या मेव्हण्याला आणि त्यांच्या मुलीला घेऊन आले. मेव्हण्यांना सगळे तात्या म्हणत. सोलापूरच्या एका कापडगिरणीच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं टर्नर, नुकतेच निवृत्त झालेले. मुलगी निर्मला, तिकडंच शाळेत बाई होती. पवारवहिनी तिची सख्खी आत्या. त्यांनी आदल्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “स्थळ तुझ्यासाठी आणलंय. केस विंचरून ये.”

मी केस विंचरले. नवी बेलबॉटम घातली. आणि माझ्या लेथला चार हार घातले, त्यातले दोन दत्तूच्या मशीनवरचे.

निर्मलाकडे मी एकदाच पाहिलं. तेवढं पुरलं! हीच, दुसरी नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. आता फक्त तिच्या वडिलांनी ठरवायचं राहिलं होतं.

आणि तात्या माझ्याकडे बघतच नव्हते. ते लेथकडे बघत होते. त्यांनी लेथच्या बेडवरून, म्हणजे खालच्या सपाट लोखंडावरून, बोट फिरवलं, ते बोट अंगठ्यावर घासलं, आणि मग पहिला प्रश्न विचारला. शिक्षण किती नाही, पगार किती नाही.

“नंबर किती तुमचा?”

टिकिट नंबर हो! प्रत्येक कामगाराचा असतो. आपण केलेल्या कामावर तो ठोकायचा, म्हणजे उद्या माल परत आला तर कुणाचे कान धरायचे ते कळतं.

“दोनशे सत्तावीस!” मी छाती काढून सांगितलं.

“आजवर काम किती रिजेक्ट झालं?”

“एकही नाही!”

माझ्या मागं दत्तूच्या हातातला पेढा टपकन खाली पडला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? एक झालं होतं. नवा लागलो त्या वर्षी, म्हणजे त्याच्याही पाच वर्षं आधी, मी एक सिलिंडर बिघडवला होता. चांगला लांबलचक, उभा केला तर माझ्या छातीला लागेल एवढा. फोरमननं सगळ्या खात्यासमोर माझ्याच हातानं त्याच्या बुडावर माझा नंबर ठोकून घेतला. शेजारी एक गोल आणि गोलात इंग्रजी आर. आर म्हणजे रिजेक्ट. मग तो सिलिंडर भंगारात गेला आणि दिसेनासा झाला. जे दिसत नाही ते झालंच नाही, अशी मी मनाची समजूत घालून टाकली होती.

तात्या म्हणाले, “एकही नाही? मग फार मोठे कारागीर तुम्ही. माझी तर डझनावारी झाली.” मग म्हणाले, “हे बघा, मी घरदार विचारत नाही, शेतीवाडी विचारत नाही. माणूस चुकला तरी मला चालतो. चूक लपवणारा मात्र चालत नाही. लेथवर चालत नाही आणि घरात तर नाहीच नाही.”

मी मान डोलावली. न डोलावून काय करतो? आता ‘एक झालं होतं’ म्हणालो असतो तर चूक आणि लपवाछपवी, दोन्ही एकदमच पदरात पडली असती.

पवारवहिनींनी लगेच विषय बदलला. “तात्या, याला इतिहासाचं केवढं वेड आहे म्हणून सांगू!”

तात्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. “खरं का? मलाही जुनी ठिकाणं बघायला फार आवडतात बघा. मग रविवारी आम्हाला नदीकाठचं काहीतरी दाखवा. सोमवारी मी सोलापूरला निघणार. निघताना काय ते सांगून जाईन.”

म्हणजे काय, की माझं लग्न आता इतिहासाच्या हातात होतं. आणि इतिहास माझ्या हातात! मी निर्धास्त झालो.

तळेगावच्या पुढं, इंद्रायणीच्या काठाला भाताच्या गिरण्यांचं एक जुनं गाव आहे. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तुम्हीही नारळ घेऊन निघाल. नदीला दगडी घाट, घाटावर महादेवाचं देऊळ, पुढं दीपमाळ, आणि तिथून वर बाजारापर्यंत पाचसहा गिरण्या. पत्र्याची छपरं, भुशाचे ढीग, वाऱ्याला तांदळाचा वास. त्या गावी मी पूर्वी एकदा एका मित्राच्या लग्नाला जेवायला गेलो होतो. तेवढा अभ्यास पुरेसा होता.

रविवारी सकाळच्या लोकलनं आम्ही निघालो. तात्या, निर्मला, पवारवहिनी, मी आणि दत्तू. दत्तूला मी मुद्दाम नेलं होतं. चारचौघांत ‘वा’ म्हणणारा एक माणूस आपला असावा लागतो.

घाटाच्या दगडांना ठिकठिकाणी भोकं होती. मी तिथूनच सुरुवात केली.

“ही भोकं पाहिलीत? इथं घोडे बांधायचे. स्वारीवरून परतलेले दीडशे घोडे, एका वेळी!”

निर्मलानं पर्समधून एक वही काढली. “किती म्हणालात?”

“दीडशे.”

तिनं लिहून घेतलं. “शाळेत मुलांना सांगेन,” म्हणाली.

अहो, मला तर पंखच फुटले! माझा शब्द आजवर कुणी कागदावर उतरवला नव्हता, आणि आता तो सोलापूरपर्यंत जाणार होता. मी दीपमाळेपाशी आलो.

“ही दीपमाळ केवळ पूजेची नव्हे. दिव्यांची उघडझाप करून इथून थेट तळेगावला निरोप जायचा.”

तात्यांनी हातानं उन्हाची तिरीप अडवून पाहिलं. “पण मध्ये तर डोंगर आहे.”

“म्हणून तर डोंगरावर दुसरा माणूस असायचा!”

“असं होय,” तात्या म्हणाले. निर्मलानं डोंगरावरचा माणूसही लिहून घेतला. दत्तू ‘वा’ म्हणायचं विसरून नुसता माझ्याकडे बघत राहिला होता.

असं करत करत आम्ही शेवटच्या गिरणीपाशी आलो आणि मी जागच्या जागी थबकलो.

फाटकाबाहेर दोन दगडांवर ती आडवी ठेवली होती. चारेक फूट लांब. अस्सल लोखंडी. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाकडे निमुळती होत गेलेली, पुढं तोंडाला भोक, आणि तोंड थेट नदीकडे! अंगावर शेंदराचा आणि तेलाचा थर. वर झेंडूचे हार, आपट्याची पानं, समोर उदबत्तीची राख. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?

“तोफ!” मी ओरडलो. “पेशवाईतली तोफ!”

सगळे थांबले. मी हात उंचावून सुरू झालो. “तोंडाची दिशा पाहा! शत्रू नदीपलीकडून येणार, म्हणून मारा इथून. आणि लोक अजून हार घालतात, उदबत्ती लावतात. तोफ थंड झाली पण आठवण थंड झाली नाही!”

ते शेवटचं वाक्य मला तिथंच सुचलं. निर्मलानं ते लिहून खाली रेघही मारली.

दत्तू मात्र तोफेच्या मागच्या बाजूला उकिडवा बसून काहीतरी बघत होता. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला.

“भावा, चल निघू. लोकल चुकंल.”

“लोकल साडेपाचला आहे. आता बारा वाजलेत.”

“मग चहा पिऊ. मी पाजतो.”

दत्तू चहा पाजतो म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती! त्यानं माझा शर्ट मागून ओढला. मी त्याचा हात झटकला. मला वाटलं, माझं बोलणं याला सहन होत नाही.

गिरणीत त्या दिवशी दिवाळीचे पोहे कांडून घ्यायला आसपासच्या वाड्यांवरची पंधरावीस माणसं पोती-डबे घेऊन आली होती. आणि इंजिन तापलं म्हणून बंद ठेवलेलं. रिकामी बसलेली माणसं आणि समोर भाषण चालू! सगळी बाहेर आली.

एक फेटेवाला पुढं झाला. “काय म्हनलं पाव्हणं? तोफ? आवो, आमी गिरणीत आलो की हिच्यावरच बसून बिडी वढतो!”

“बसता?” मी कडाडलो. “जिनं तुमचा मुलूख राखला तिच्यावर बसून बिडी?”

त्यानं हातातली बिडी टाकली आणि दोन्ही कान धरले. एक म्हातारी, हौसाबाई तिचं नाव, पोह्यांचा डबा खाली ठेवून इंजिनाच्या हौदातलं तांब्याभर पाणी घेऊन आली आणि तिनं तोफेच्या पायथ्याशी ओतलं. हात जोडून म्हणाली, “माझं सासरं सांगायचं. हितं लई मोठी लढाई झालती म्हनून.”

“ऐकलंत?” मी तात्यांकडे वळलो. “लोकांच्या तोंडी आहे!”

अहो, पाच मिनिटांपूर्वी मी जी लढाई काढली, तिला साक्षीदार मिळाला! मग मला कोण अडवणार? कुणी तरी धावत जाऊन नारळ आणला. फोडला. खोबरं वाटलं. बायकांनी हळदीकुंकू वाहिलं. रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. एकानं सायकल लावून लोटांगण घातलं. बघता बघता चाळीस माणसं जमली, आणि मधोमध मी! निर्मला माझ्याकडे बघत होती. वहीकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, लग्न ठरलं. आता फक्त तारीख.

तेवढ्यात राजदूत मोटारसायकलवरून गिरणीचे मालक आले. त्यांना सगळे शेठ म्हणत. गर्दी बघून त्यांचा जीव घाबरा झाला.

“आरं काय झालं? पट्ट्यात सापडलं का कोन?”

“शेठ, तोफ!” फेटेवाला म्हणाला.

“कसली तोफ?”

“ही!”

शेठनी तोफेकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. “खुळं का काय तुमी? ही मी भंगारातनं आणलीया. कासारवाडीच्या. गाडीवाल्यास्नी बसाया. परवा खंडेनवमीला गिरणीतलं समदं लोखंड पुजलं. इंजनाला हार घातला, काट्याला घातला, मंग हिलाच न्हाई घातला तर बरं दिसंल का? म्हनून हिलाबी घातला.”

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. पण शहाणा माणूस इथपर्यंत आलाच नसता!

“भंगारात ती कुठून आली, शेठ?” मी बोट रोखून विचारलं. “आकाशातून पडली? कुठल्या तरी गडावरून कुणी तरी चोरून आणून विकली. आणि तो ठेवा तुम्ही बसायला घेतलात!”

झालं! गर्दी खवळली.

“व्हय की! शेठ, आमाला तोफंवर बसिवलं तुमी?”

“पाप आमच्या माथ्याव!”

“पोलीस पाटलाला बलवा रं कुनी तरी!”

एक जण खरंच पाटलाच्या घराकडे पळाला. शेठ टोपीनं घाम पुसत म्हणत होते, “आरं पर मी इकत घेतली, चोरली न्हाई.” त्यांचं कोण ऐकतंय? मला त्यांची थोडी कीव आली. पण इतिहासापुढं शेठची काय पत्रास, असं मी मनात म्हटलं.

इतका वेळ तात्या गर्दीकडे बघतही नव्हते. ते तोफेच्या बुडाशी उभे होते आणि हार बाजूला सारून तिच्या अंगावरून नख फिरवत होते. टर्नर माणूस डोळ्यानं नाही, नखानं बघतो. हत्यार फिरल्याच्या बारीक रेघा नखाला लागतात.

“शेठ,” ते शांतपणे म्हणाले, “जरा रॉकेल आणि चिंधी मिळेल का?” मग माझ्याकडे वळले. “तोफेवर काही तरी कोरलेलं असतं म्हणतात. असतं ना?”

“असतं तर! बुडालाच असतं. घडवणाऱ्याची खूण असते.”

“मग तेवढं वाचून दाखवा.”

मी बाह्या सरसावून बसलो. चाळीस माणसं वाकून बघत होती. मी रॉकेलची चिंधी घासायला लागलो. शेंदूर सुटला, तेलाचा थर सुटला. पहिल्यांदा एक ‘दोन’ निघाला.

“आकडा हाय, आकडा!” गर्दी ओरडली.

आणखी एक ‘दोन’ निघाला. मग ‘सात’. ‘सात’ जरासा तिरका. शेजारी एक गोल. आणि गोलात…

माझा हात थांबला. तो तिरका सात मी ओळखला हो! फोरमनच्या धाकानं हातोडी निसटून तिरका बसलेला माझाच सात! आणि मग सगळंच आठवलं. सिलिंडर सरळसोट उतरायला हवा होता. आदल्या पाळीवाल्यानं निमुळत्या कामासाठी लेथचं मागचं टोक बाजूला सरकवून ठेवलेलं. ते जागेवर आणायचं असतं, पोरासोरांनाही ठाऊक असलेला पहिला धडा! मी गाणं गुणगुणत तसंच मशीन चालू केलं, आणि सिलिंडर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होऊन बसला. फोरमन तेव्हाच म्हणाला होता, “काय रे, लढाईला निघालास का?”

पेशवाई सगळी झटक्यात उतरली.

निर्मला वही सरसावून म्हणाली, “दोनशे सत्तावीस ना?” तिनं दोन आकडे लिहिले आणि पेन थांबवलं. खंडेनवमीला ती तिथंच उभी होती की!

तात्या माझ्या कानाशी वाकले. “नंबर किती म्हणालात तुमचा?”

एवढंच. मग ते दोन पावलं मागं सरकले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले.

मी गप्प राहिलो असतो तर? गर्दी माझ्या बाजूची होती. पण पोलीस पाटील येणार होता, आणि तो भला माणूस शेठ, ज्यानं माझ्या बिघडलेल्या मालाला निदान हार तरी घातला, तो माझ्यापायी चोर ठरणार होता. आणि निर्मला माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या नजरेपुढं मला स्वतःची एवढी लाज वाटली की काय सांगू!

मी दगडावर चढलो. “मंडळी,” मी म्हणालो, “ही… म्हणजे… ही तोफ नाही. हा सिलिंडर आहे. मी, म्हणजे मीच, हा बिघडवला. हा नंबर माझा. आर म्हणजे… रिजेक्ट. शेठची काही… काही चूक नाही.”

माणूस चाचरला की संपला, हा नियम कुणाचा? माझाच! आयुष्यात पहिल्यांदा मी खरा इतिहास सांगत होतो आणि पहिल्यांदाच चाचरत होतो. कोण विश्वास ठेवणार?

फेटेवाला म्हणाला, “शेठनं डोळं वटारलं, पाव्हणं भ्यालं!”

“भिऊ नका पाव्हणं! आमी हाय!”

“आकडा निघालाय की! आकडा काय खोटा आसतो व्हय?”

मी ओरडून सांगतोय, दत्तू शपथेवर सांगतोय, कुणी ऐकेना. शेवटी हौसाबाई म्हणाली, “आन् नारळ फोडलाय त्येचं काय? फोडल्याला नारळ काय परत जोडायचा?”

शेठनी गर्दीकडे पाहिलं. एवढी माणसं त्यांच्या दारात कधीच जमली नव्हती. त्यांनी घसा साफ केला. “आसं म्हनता? मंग आसंल तोफ. माज्या दारात आली ती काय उगीच? तिला वटा बांधतो, वर पत्रा घालतो. मंग झालं का?”

“शेठ, ह्ये शोभलं बगा!” गर्दी म्हणाली. पाटील आला तो प्रसादाचं खोबरं खाऊन परत गेला. खरं बोलणारा एकटा मीच उरलो.

आम्ही स्टेशनवर आलो. फलाटावर दत्तू माझ्याजवळ पुटपुटला, “मी तर बुडाकडनं बघितली तेव्हाच वळखली. पण तुझ्या अंगात आलेलं, उतरवणार कोण?”

तात्या बाकावर बसले होते. मी जाऊन पुढं उभा राहिलो. “तात्या, मी त्या दिवशी खोटं बोललो.”

“ठाऊक होतं मला.”

“कधीपासून?”

“तुमच्या मित्राचा पेढा पडला तेव्हापासून,” तात्या म्हणाले. “पण म्हटलं, बघू. लपवतोय ते कळलं. कधी सांगतो का, तेवढंच बघायचं होतं. उशिरा का होईना, चाळीस माणसांपुढं सांगितलंत. मी माझं पहिलं बिघडलेलं काम रात्रपाळीत तलावात नेऊन टाकलं होतं, अजून कुणाला बोललो नव्हतो. आज बोलतोय.” मग बोट वर करून म्हणाले, “माझ्याकडून होकार. पण एक अट. दर खंडेनवमीला तिथं जायचं, आणि तिथं जो कुणी असेल त्याला खरं काय ते सांगून यायचं.”

मी निर्मलाकडे पाहिलं. तिनं वही उघडली. “घाटावर घोडे किती होते हो?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो.

तिनं ‘दीडशे’वर काट मारली आणि हसली. मला इतका आनंद झाला की त्या फलाटावर मीच लोटांगण घालायचा बाकी होतो!

लग्न झालं. शेठला पहिली पत्रिका दिली. आणि अट मी पाळतोय. दर खंडेनवमीला कंपनीतली पूजा आटोपली की आम्ही दोघं जातो. आता तिथं चिरेबंदी ओटा आहे, वर पत्रा आहे, आणि रंगवलेली पाटी आहे: ‘पेशवेकालीन तोफ, क्रमांक २२७’. शेठची गिरणी आता तोफेची गिरणी म्हणूनच ओळखतात. बिडी ओढायला माणसं समोरच्या पिंपळाखाली जातात.

गेल्या खंडेनवमीलाही गेलो. हौसाबाई आता पार थकली आहे, तरी तोफेपाशी बसून आल्यागेल्याला माहिती सांगत होती. मी दर वर्षीप्रमाणे पुढं बसलो आणि सांगितलं, “आजी, ही तोफ नाही. हा माझ्या हातून बिघडलेला सिलिंडर आहे. मी स्वतः केलाय.”

आजी चिडली. “दर साली येतंय आन् दर साली त्येच रडगानं! आरं, सात-आठ सालामागं हितं एक पाव्हणं आलं हुतं. काय त्येंचं बोलनं! कसं ठासून सांगितलं त्येंनी! तुला त्येंच्या नखाची तरी सर हाय का?”

“अहो आजी, तो मीच!”

आजीनं मला टकलापासून चपलांपर्यंत नीट न्याहाळलं. “छ्या!” म्हणाली. मग निर्मलाचा हात हातात घेऊन हळू आवाजात सांगितलं, “पोरी, दिसाया बरा हाय, पर तुझा मालक लई खोटं बोलतो बग.”

निर्मला तोफेला हळदीकुंकू वाहत होती. मान वर न करता म्हणाली, “ठाऊक आहे, आजी. रिजेक्टचा शिक्का बघूनच घेतलाय.”